अजून ठरलेलं नाही

दुकानातल्या काचेपुढे उभं राहून “यातला नर कुठला आणि मादी कुठली?” असं कुणी विचारलं की दुकानदार बहुधा बोट दाखवूनच उत्तर देतो. हा मोठा तो नर, ती छोटी ती मादी. क्लाउनफिशच्या, म्हणजे दुकानाच्या भाषेत ‘निमो’च्या बाबतीत हे उत्तर दोनदा चुकतं. एक तर जोडीतली मोठी असते ती मादी. दुसरं म्हणजे, त्या टाकीत पंचवीस-तीस पिल्लं घोळक्याने फिरत असतील तर त्यांत मादी बहुधा एकही नसते, आणि पुरता नर म्हणावा असाही क्वचितच. त्यांचं अजून ठरलेलं नसतं. ते कशावरून ठरतं, किती दिवसांत ठरतं, आणि आपण पाळणारे त्यात कुठे हात घालू शकतो नि कुठे घालू नये, हा या पुस्तकाचा विषय.

आपल्याकडचा माशांचा छंद गोड्या पाण्यात वाढला. गप्पीचा नर रंगीत आणि लहान, मादी मोठी आणि फिकट. फायटरच्या नराचे पर झालरीसारखे. लहान मूलही ते ओळखतं. हीच नजर घेऊन माणूस खाऱ्या पाण्याकडे येतो आणि अडखळतो. मुंबईत अनेकांनी समुद्री मासा पहिल्यांदा पाहिला तो मरीन ड्राइव्हच्या तारापोरवाला मत्स्यालयात. 1951 साली ते सुरू झालं तेव्हापासून काचेबाहेरच्या गर्दीने मासे रंगांवरून ओळखले, आकारांवरून ओळखले. त्यांच्यात नर कोण नि मादी कोण, हे विचारायची वेळ आली नाही. ती आली टाकी घरात आल्यावर. घरच्या टाकीत दोन मासे एकमेकांचे पर कुरतडायला लागले की हा प्रश्न एकदम निकडीचा होतो.

प्रवाळात राहणाऱ्या लहान माशांपैकी पुष्कळांचं लिंग जन्मभर एक राहत नाही. ते सोबतीवर, आकारावर आणि मानावर ठरतं. म्हणून या पुस्तकात मी वाचकाला माशाकडे बघण्याआधी माशाच्या शेजाऱ्याकडे बघायला सांगतो. एकटा मासा पिशवीत घालून कुणी “हा काय आहे?” असं विचारलं, तर निम्म्याहून अधिक जातींच्या बाबतीत माझं उत्तर एकच: त्याला कुणाबरोबर ठेवणार आहात ते आधी सांगा.

क्लाउनफिशपासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे सर्वांत जास्त पाळला जाणारा समुद्री मासा हाच, आणि जोडीचं गणित सर्वांत स्वच्छ दिसतं तेही याच्यातच. अंड्यातून निघालेलं पिल्लू दहा-बारा दिवस प्रवाहाबरोबर वाहतं आणि मग एखाद्या समुद्रफुलाचा आसरा शोधतं. समुद्रफुलाबाहेर त्याला गिळायला तोंडं टपलेली असतात. म्हणून एकदा घर मिळालं की ते सोडायचं नाही. त्या घरात आधीपासून एक मोठी मादी असते, तिच्याहून लहान एक नर असतो आणि त्यांच्याखाली उतरत्या आकाराची काही अप्रौढ मंडळी. अंडी फक्त पहिल्या दोघांची. बाकीचे त्यांची पोरं नसतात, त्यांना मदतही करत नाहीत. ते नुसते राहतात. मादी गेली की नर मादी होतो आणि अप्रौढांतला सर्वांत मोठा नर होतो. हान्स आणि सिमोन फ्रिके यांनी 1977 साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं: लिंगबदल होतो तो वरच्याचा दाब हटल्यामुळे. तोवर मादी आपल्या रोजच्या धाकाने खालच्याला नरच ठेवत असते.

पुढे पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या मादांगच्या समुद्रात या घरांची मोजमापं घेतली आणि त्यांना आढळलं की रांगेतला प्रत्येक मासा आपली वाढ आवरून धरतो. खालचा मासा वरच्याच्या साधारण 80 टक्के लांबीचा राहतो. त्याहून मोठा झाला तर वरचा त्याला हुसकावतो किंवा मारतो. म्हणून तो वाढतच नाही. वरची जागा रिकामी झाली की मात्र भराभर वाढतो. मुंबईत पागडीच्या खोलीत थोरला भाऊ असेपर्यंत धाकटा पोटमाळ्यावर गुपचूप राहतो, आवाज चढवत नाही, कारण बाहेर घर नाही आणि खोली आज ना उद्या आपलीच आहे. तसं हे राहणं आहे.

हे कळलं की टाकीतले अर्धे नियम आपोआप सुचतात. एकाच घोळक्यातली दोन पिल्लं घ्यावीत, एक ठळक मोठं आणि एक ठळक लहान. ज्या दोघांत फरक दिसत नाही त्यांना तो फरक भांडून पाडावा लागतो, आणि भांडण छोट्या टाकीत कुठवर जाईल हे सांगता येत नाही. वाढलेली एकटी मादी आधीपासून असेल तर तिच्याकडे दुसरी वाढलेली मादी कधीही आणू नये. मादीचा पुन्हा नर होत नाही. तो रस्ता या कुळाला बंद आहे. अशा दोघी एका टाकीत असल्या की त्यांतली एक उरते. एकट्या मादीला लहान, न ठरलेलं पिल्लू द्यावं. मरून क्लाउनच्या बाबतीत तर हे अंतर जितकं जास्त तितकं बरं. त्यांची मादी नराच्या दुपटीहून मोठी होते आणि तिचा स्वभाव क्लाउनफिशांत सर्वांत तापट.

जोडी जमली हे ओळखायची खूण बघायला गोड नाही. मोठा मासा लहानावर धावून जातो, आणि लहान पळण्याऐवजी आडवा होऊन सगळं अंग थरथरवतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं माशाला झटका आला. लोक घाबरून औषध घालायला निघतात. ही शरणागती असते. ती दिली गेली आणि मोठ्याने ती मानली, तर काम झालं. दोघं रात्री एका कोपऱ्यात झोपू लागतात, मग एखाद्या दिवशी दगडाचा किंवा कुंडीचा एक सपाट भाग तोंडाने खरवडून साफ करू लागतात. थरथर न करता लहान मासा सतत पाण्याच्या वरच्या कोपऱ्यात, हीटरच्या मागे किंवा फिल्टरच्या तोंडाशी लपत असेल तर जोडी जमलेली नाही. त्याला त्याच दिवशी बाहेर काढावं. “दोन दिवस बघू” म्हणणाऱ्यांचे मासे तिसऱ्या दिवशी मरतात असं नाही, पण मरतात.

यात वेळ किती लागतो, हा प्रश्न मला सर्वांत जास्त विचारला जातो. वागणं लगेच बदलतं, शरीर सावकाश. 2019 साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी ऑसेलारिस क्लाउनच्या दोन-दोन नरांना एकत्र ठेवून पाहिलं. वरचढ ठरलेल्या नराच्या मेंदूचा लिंगाशी निगडित भाग साधारण सहा महिन्यांत मादीसारखा झाला, पण पोटातली ग्रंथी अजून नराचीच होती. म्हणजे तुमच्या टाकीत जी ‘मादी’ घर राखते, नराला दटावते, त्याच्याकडून मान घेते, तिच्या पोटात अंडाशय तयार व्हायला अजून बराच अवकाश असू शकतो. पिल्लं म्हणून आणलेली जोडी वर्ष-दीड वर्ष अंडी घालत नाही म्हणून ती मोडून नवा मासा आणणारे लोक मी पाहिले आहेत. इतकी जमलेली जोडी मोडण्यासारखा अविचार दुसरा नाही.

आता कुणीही विचारील की आधी नर आणि मग मादी, असं का? उलट का नाही? उलटही असतं, आणि ते जास्त माशांत असतं. मायकेल गिसेलिन यांनी 1969 साली यामागचा हिशेब मांडला आणि रॉबर्ट वॉर्नर यांनी पुढे तो प्रवाळातल्या माशांवर पारखून पाहिला. प्रश्न एवढाच की मोठं होण्याचा फायदा जास्त कुणाला. क्लाउनफिश एका घरात एकाच जोडीने राहतात. तिथे नर मोठा असून उपयोग नाही, एकीच्याच अंड्यांपुरता तो लहानही पुरतो. मादी मोठी असली तर अंडी जास्त. म्हणून लहानपणी नर, मोठेपणी मादी. जिथे एक दांडगा नर पाच-सहा माद्यांवर हक्क राखतो तिथे लहान नराला काहीच मिळत नाही. तिथे लहानपणी मादी राहून थोडी का होईना अंडी घालावीत, आणि पुरेसं मोठं झाल्यावर नर व्हावं.

दुसऱ्या मासल्याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण म्हणजे इतर माशांच्या अंगावरचे परजीवी टिपणारा क्लीनर रास. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफवर हेरॉन बेटापाशी डी. आर. रॉबर्टसन यांनी या माशाचा अभ्यास केला आणि 1972 साली तो प्रसिद्ध झाला. कळपातला नर काढून घेतला की पहिल्या क्रमांकाची मादी दीड-दोन तासांत नरासारखी वागू लागते, बाकीच्या माद्यांपुढे नराचा तोरा मिरवते. दोन आठवड्यांच्या आसपास तिच्या शरीरात शुक्रजंतू तयार असतात. हा मासा टाकीत ठेवावा असं मात्र मी सुचवणार नाही. त्याचं खाणं आपल्या घरात पुरत नाही आणि तो हळूहळू उपाशी मरतो. या पुस्तकात तो फक्त समजून घेण्यासाठी आहे.

टाकीत ही गोष्ट प्रत्यक्ष बघायची तर अँथियास. नारिंगी माद्यांच्या थव्यात एक जांभळट-लालसर नर, पाठीच्या परातला एक काटा लांब झालेला. त्यांचा नर नाहीसा झाला की मादीचा नर होतो, हे लेव्ह फिशेलसन यांनी 1970 सालीच दाखवलं होतं. हौशी माणूस एक नर आणि पाच माद्या घेऊन येतो; दिवसातून एकदाच खाणं घालतो; अंगाने खालच्या माद्या रोडावतात, मरतात; नर दगावला तर उरलेल्यांतली मोठी नर होते, आणि शेवटी टाकीत फक्त एक देखणा नर फिरत राहतो. दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं घालायची तयारी नसेल तर ते प्रकरण सोडून पुढे जावं. बुटके एंजल, म्हणजे फ्लेम, कोरल ब्यूटी वगैरे, त्यांचाही क्रम हाच: मोठा तो नर. म्हणून तिथेही एक मोठा, एक लहान. त्यांच्याबाबतचा गैरसमज टाकीच्या आकाराबद्दल जास्त असतो, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मला स्वतःला सर्वांत आवडतं प्रकरण गोबींचं. बोटाच्या पेराएवढे हे मासे दोन्ही दिशांना बदलतात. प्रवाळाच्या फांद्यांत राहणाऱ्या पिवळ्या क्लाउन गोबीच्या कुळाचा विचार करा. एका झुडपात एक जोडी मावते. जोडीदार मेला तर दुसऱ्या झुडपापर्यंत पोहत जायचं, आणि वाटेत कुणीतरी गिळायची भीती. जीव मुठीत धरून तिथे पोचल्यावर समोर आपल्याच लिंगाचा मासा निघाला म्हणून परत फिरणं परवडत नाही. म्हणून जो भेटेल त्याच्याबरोबर जोडी करता यावी अशी सोय शरीरातच आहे: दोघांपैकी एक बदलतो. फिलिप मंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात, टेत्सुओ कुवामुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जपानमध्ये हे बारकाईने पाहिलं. ट्रिम्मा ओकिनावे नावाच्या चिमुकल्या गोबीत तर दोन्ही प्रकारच्या ग्रंथी एकाच शरीरात तयार असतात. मान बदलला की चालू असलेली मिटते आणि मिटलेली चालू होते. पाळणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सवलत आहे. कुठलेही दोन घ्या, जोडी होते.

‘कुठलेही दोन’ हे वाक्य मात्र सगळीकडे नेऊ नये. डॉटीबॅकही दोन्ही दिशांना बदलतात हे मॅथ्यू विटेनरिच आणि मंडे यांनी 2005 साली प्रयोगाने दाखवलं, पण नराची मादी होण्याला मादीचा नर होण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्या काळात दोन नर एकमेकांसमोर असतात, आणि डॉटीबॅक हा गोबी नव्हे; तो दात धरून भांडतो. समुद्रात हरलेला मासा दहा हात लांब जातो आणि विषय संपतो. टाकीत तो जिंकणाऱ्याच्या नजरेपासून दोन हातांवर राहतो, रोज, प्रत्येक क्षणी. बदलण्याची शरीराची क्षमता आणि बदल पुरा होईपर्यंत जिवंत राहण्याची संधी, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी पाळणाऱ्याने द्यायची असते: मध्ये जाळीचा पडदा, किंवा भोकं असलेला पारदर्शक डबा, ज्यात नवा मासा दिसतो, वास पोचतो, पण चावता येत नाही. काही दिवसांनी दगडांची मांडणी बदलावी म्हणजे जुन्या माशाचाही हक्काचा कोपरा उरत नाही, आणि मग संध्याकाळी दिवे मंद करून दोघांना एकत्र सोडावं. पुस्तकातली सर्वांत लांब प्रकरणं या पडद्याबद्दल आहेत, आणि ती लांब असण्याचं कारण आता कळलं असेल.

याच्या उलट काही माशांचं लिंग पक्कं असतं. तिथे सोबत बदलून काही होत नाही, डोळेच लागतात. मँडरिन हा त्यांतला राजा. नराच्या पाठीवरच्या पहिल्या पराचा पुढचा काटा झेंड्याच्या काठीसारखा लांब असतो, मादीचा आखूड. दोन नर एका टाकीत ठेवू नयेत. सूर्य मावळताना नर-मादी अंगाला अंग लावून पाण्यात वर वर चढतात आणि वरच्या टोकाला अंडी सोडून सुटतात. उंची कमी असलेल्या टाकीत हा चढच पुरा होत नाही. बाजारात मोठ्या काट्याच्या नराला मागणी जास्त. त्यामुळे मासे पकडण्याच्या ठिकाणांवरून मोठे नरच वेचले जातात आणि दुकानात मादी मागितली की महिनाभर थांबावं लागतं. थांबावं. शिवाय मँडरिन टाकीतल्या जिवंत कोपेपॉडवर, म्हणजे बारीक कवचधारी जीवांवर जगतो, त्यामुळे नव्या टाकीत नर काय नि मादी काय, दोन्ही उपाशीच.

बांगाई कार्डिनल हा दुसरा पक्क्या लिंगाचा मासा, पण त्याला डोळ्यांनी ओळखणं अवघड. इंडोनेशियातल्या सुलावेसीजवळच्या बांगाई बेटांभोवतीचा हा मासा 1933 साली शास्त्राच्या नोंदीत आला आणि मग 1990च्या दशकापर्यंत जवळपास विसरला गेला. छंदाच्या बाजाराला तो सापडला आणि 2007 साली आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त ठरला, इतक्या झपाट्याने पकडला गेला. नर अंडी तोंडात धरतो आणि पिल्लं निघाल्यावरही काही दिवस तोंडातच ठेवतो. त्या सगळ्या काळात काही खात नाही. पराच्या लांबीवरून नर-मादी सांगणारे बरेच भेटतात. त्यांच्यावर विसंबू नये. भरवशाचा मार्ग जुनाच आहे: पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवावीत, त्यांतली दोन बाकीच्यांना हाकलू लागली की ती दोन ठेवून बाकीची त्याच दिवशी काढावीत. काढलेली कुठे ठेवणार हे आधी ठरवून मगच पाच-सहा आणावीत. घरात दुसरी टाकी नसेल तर हा प्रयोग करू नये, इतकं मी स्पष्ट लिहिलं आहे.

‘बाँडेड पेअर’ म्हणून जास्त पैशाला विकल्या जाणाऱ्या माशांबद्दल थोडं. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या गल्लीत काय नि पुण्यात काय, एका पिशवीत दोन मासे म्हणजे जोडी असा हिशेब सर्रास चालतो. जोडी टाकीत असतानाच बघावी, तीही इतर मासे भोवती असताना. दोघांच्या आकारात फरक आहे का, थरथर दिसते का, खाणं टाकल्यावर मोठा धावतो आणि लहान मागे थांबतो का. प्रवासात खरी जोडीही तुटू शकते, म्हणून घरी आणल्यावर पहिले काही दिवस तिलाही अनोळखी दोघांसारखंच वागवावं. पैसे कशाचे द्यावेत? अंडी घातलेली जागा दाखवली तर द्यावेत.

समुद्रातून पकडलेल्या माशांपेक्षा टाकीत पैदा केलेले मासे जोडीसाठी कितीतरी सोपे. ते एका वयाचे असतात, टाकीला आणि कोरड्या खाण्याला सरावलेले असतात, आणि मुख्य म्हणजे बहुधा ठरलेले नसतात. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये मार्टिन मो यांनी 1970च्या दशकात क्लाउनफिश विक्रीसाठी पैदा केले तेव्हापासून हा व्यवसाय वाढला. आपल्याकडे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने तामिळनाडूतल्या मंडपमला आणि केरळातल्या विळिंजमला क्लाउनफिशची पैदास बसवली. महाराष्ट्रात ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातही आता हॅचरी आहे. अशा ठिकाणचं पिल्लू मिळत असताना समुद्रातला प्रौढ मासा जोडीसाठी आणण्याचं कारण मला तरी दिसत नाही. तुकडीतलं सर्वांत मोठं आणि सर्वांत लहान एवढंच मागावं.

समुद्री घोडे या पुस्तकात नाहीत, आणि त्यावरून पत्रं येतील हे मला ठाऊक आहे. नराच्या पोटावर पिशवी असते, मादीला नसते. ओळखायला याहून सोपा मासा सापडणार नाही. पण 2001 पासून भारतात ते वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ते पकडणं, विकणं, विकत घेणं गुन्हा आहे, आणि मागच्या दाराने मिळणाऱ्या माशाच्या जोडीचा सल्ला मी देणार नाही. कठीण प्रवाळांचंही तेच. अंडी फुटल्यानंतरची पिल्लं वाढवणं, त्यांच्या खाण्यासाठी रोटिफर या सूक्ष्म जीवांची शेती, पहिल्या आठवड्यातलं मरण, हा सगळा वेगळ्या पुस्तकाचा मजकूर आहे. इथे आपण अंड्यांपर्यंत पोचतो आणि थांबतो.

पुस्तकातल्या सगळ्या लांब्या सेंटिमीटरमध्ये आहेत आणि तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंत मोजलेल्या आहेत. मासा हातात धरून मोजू नये. काचेला बाहेरून पट्टी चिकटवावी आणि मासा तिच्याजवळून आडवा जाईपर्यंत वाट बघावी.